थिओडोरेट

थिओडोरेट : (सु. ३९३–सु. ४५७). सिरियातील सिर्रसचा बिशप, बायबलचा भाष्यकार व चर्चचा इतिहासकार. जन्म अँटिऑकच्या सधन घराण्यात. आईला बरीच वर्षे मूल नव्हते. जवावर गुजराण करणाऱ्या मॅसेडोनियस या तपस्व्याच्या प्रार्थनेने आपला जन्म झाला, असे तो स्वतःच सांगतो. आईवडिलांमागे वारसा वाटून टाकून तो मठात गेला. ४२३ मध्ये मनात नसताना बिशपपद गळ्यात पडले.

त्याची दोनशेहून अधिक पत्रे उपलब्ध असल्याने त्याचा कारभार तपशिलाने कळतो. सिर्रस हे तसे आडगाव, पण हाताखाली ८०० पॅरिश. चर्चच्या उत्पन्नातून त्याने दोन मोठे पूल बांधले, स्नानगृहांची डागडुजी केली आणि नदीच्या पाण्यावर भागवणाऱ्या शहरात कालव्याने पाणी खेळवले. सारा कमी व्हावा म्हणून सम्राटाची बहीण पल्केरिया हिच्यापर्यंत अर्ज धाडले. चार शुभवर्तमाने एकत्र गुंफणाऱ्या टेशन या लेखकाच्या ग्रंथाच्या दोनशेहून अधिक प्रती चर्चमधून उचलून त्याने तिथे चार स्वतंत्र शुभवर्तमाने ठेवली. तो ग्रंथ मूळ रूपात आज उपलब्ध नसल्याने हा उत्साह पाठसंशोधकांना आजही महागात पडतो.

ख्रिस्तातील दैवी व मानवी स्वभावांच्या वादात तो कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस याचा मित्र आणि अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याचा विरोधक. ४३१ च्या एफिसस धर्मसभेत नेस्टोरियसच्या बाजूचा अँटिऑकचा बिशप जॉन पोचण्याआधीच सिरिलने नेस्टोरियसला पदच्युत करवले. दोन्ही पक्षांत ४३३ मध्ये झालेल्या समेटाचा मसुदा बहुधा थिओडोरेटचाच. सिरिलच्या मृत्यूवर आनंद व्यक्त करणारे, त्याच्या थडग्यावर जड धोंडा ठेवा म्हणणारे पत्र थिओडोरेटच्या नावावर आहे. पत्राच्या अस्सलपणाबद्दल मतभेद आहेत.

४४८ मध्ये सम्राटाच्या हुकुमाने तो सिर्रसमध्ये स्थानबद्ध झाला. पुढच्या वर्षी एफिससच्या दुसऱ्या सभेने त्याला, म्हणणे न ऐकताच, पदावरून काढले. त्याने रोमचा पोप लिओ याच्याकडे दाद मागितली. ४५१ मध्ये कॅल्सीडॉनच्या धर्मसभेत तो आपली श्रद्धा समजावून सांगू लागला. जमलेल्या बिशपांना स्पष्टीकरण नको होते, नेस्टोरियसचा धिक्कार हवा होता. ओरडा वाढला तेव्हा त्याने तो उच्चारला आणि पद परत मिळाले. वीस वर्षांच्या मैत्रीचे काय, याविषयी इतिवृत्त गप्प आहे.

५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल धर्मसभेने त्याचे सिरिलविरोधी लेखन निषिद्ध ठरवले.

ग्रंथ : चर्चचा इतिहास, सिरियातील तपस्व्यांची चरित्रे (त्यात स्तंभावर राहणारा सिमिऑन, तेव्हा हयात), भाष्ये.