गुत्ता, आडवी बाटली आणि न आलेली बाई

नायगाव, नरसी, देगलूर या पट्ट्यात कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. रस्त्याचा गुत्तेदार, तलावाचा गुत्तेदार. पण कुणी नुसतं ‘गुत्त्यावर गेलाय’ म्हटलं की तो माणूस दारूच्या दुकानात गेलाय, हे लहान पोरालाही कळतं. ‘गुत्त’ म्हणजे मक्ता, हा शब्द शेजारच्या तेलुगूतही आहे. आपल्याकडे तो दारूला असा चिकटला, त्यामागे निझामी राजवटीचा इतिहास आहे.

हैदराबाद संस्थानात शिंदी आणि दारू विकण्याचा हक्क लिलावाने दिला जाई. शिंदीच्या झाडांवर कर असे. या खात्याचं नाव आबकारी, शब्द फारसी. संस्थानाच्या उत्पन्नाच्या मोठ्या साधनांपैकी हे एक होतं. जे आमच्या धर्मात हराम, त्याच्यावर मुसलमान राजाचा खजिना भरत होता. ही गोष्ट आमच्याकडे फारशी बोलली जात नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. लिलावात बोली लावणाऱ्याची पत बघितली जाई. गावाला गुत्ता हवा की नको, हा प्रश्न त्या व्यवहारात नव्हताच.

1948 साली संस्थान भारतात विलीन झालं. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि मुधोळ, भैंसाचा भाग आंध्रात गेला. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा 1949 चा. तो पुढे मराठवाड्यालाही लागू झाला आणि सत्तरच्या दशकात सैल होऊन सरकारमान्य देशी दारूची दुकानं आली. बंदी वरून आली, दुकानंही वरूनच आली.

विचारण्याची पाळी आली ती बायकांमुळे. 1992 साली आंध्रात, नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावी, साक्षरता वर्गात जाणाऱ्या बायकांनी अरक म्हणजे देशी दारूचं दुकान बंद पाडलं. लोण राज्यभर पसरलं, बायका लिलावाच्या जागी जाऊन बसल्या. 1 ऑक्टोबर 1993 पासून तिथे अरक बंद झाली. 1995 च्या सुरुवातीला पूर्ण दारूबंदी आली आणि 1997 मध्ये ती उठलीही.

महाराष्ट्रात याच मागणीला मतपेटीची वाट मिळाली. 2008 च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी सही करून दुकान बंद करण्याची मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते, मग जिल्हाधिकारी गुप्त मतदान लावतात. चिन्हं दोन. दुकान चालू राहावं असं वाटत असेल तर उभी बाटली, बंद व्हावं असं वाटत असेल तर आडवी बाटली. अक्षर न येणाऱ्या बाईलाही कळावं अशी ही सोय. मला ती फार आवडते.

अडचण मोजणीत आहे. दुकान बंद व्हायला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त मतं पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. समजा यादीत 1000 बायका आहेत. मतदानाला 600 आल्या. त्यातल्या 490 जणींनी आडवी बाटली निवडली, 110 जणींनी उभी. आमदारकीला असा निकाल लागला तर गुलाल उधळतील. इथे दुकान चालूच राहतं, कारण 501 मतं झाली नाहीत. म्हणजे जी घरी बसली, तिचं मत उभ्या बाटलीच्या खात्यात पडल्यासारखंच आहे.

न येणाऱ्या या बायका कोण असतात? मुखेड, कंधारच्या डोंगरपट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली बाई मार्च-एप्रिलशिवाय परतत नाही. लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकीचं नाव माहेरच्या यादीत तसंच राहतं. कुणी पुण्याला कामाला गेलेली असते, कुणी वारलेली असते. नवऱ्याच्या पिण्याचा सगळ्यात जास्त मार जिने खाल्लाय, तीच पुष्कळदा त्या दिवशी कुठल्यातरी कारखान्याच्या फडात असते.

आणि आमच्या मोहल्ल्यातल्या बायका? या विषयावर बोलत असताना नायगावच्या एका खालांनी मला सरळ विचारलं, ‘‘हमारे घर में तो कोई पीता नै. फिर हम कायकू जाना?’’ प्रश्न प्रामाणिक होता. दारू हराम आहे, आपण तिच्यापासून दूर आहोत, तेवढं पुरे, असं त्यांना वाटत होतं. मी कागदावर वरचाच हिशोब मांडून दाखवला. आपण लांब राहिलो की उभी बाटली उभीच राहते, हे त्यांना पटायला वेळ लागला नाही. मग त्या म्हणाल्या, गुत्त्यासमोरून संध्याकाळी पोरगी शिकवणीहून येते तेव्हा त्यांचा जीव टांगणीला लागतो. म्हणजे घरात कुणी पीत नसलं तरी दुकान त्यांच्या घरापर्यंत पोचलेलंच होतं.

स्कॉटलंडमध्ये 1913 च्या कायद्याने अशीच स्थानिक मतदानं होत, पहिली 1920 साली झाली. तिथे दुकानं बंद करायला झालेल्या मतांच्या 55 टक्के मतं लागत, आणि ती एकूण मतदारांच्या किमान 35 टक्के असावी लागत. चार बायकांनी येऊन गावाचा निर्णय करू नये, ही काळजी तिथेही होती. पण न आलेल्यांचं ओझं आलेल्यांच्या डोक्यावर इतकं ठेवलं नव्हतं. आपल्यालाही तसा आकडा ठरवता येईल. तोवर निदान यादी दुरुस्त करावी आणि मतदान ऊसतोडीची माणसं परतल्यावर घ्यावं. त्याला कायदा बदलायची गरज नाही.

मी सरसकट दारूबंदीच्या बाजूचा नाही. 2015 साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती गरिबांचीच होती. चंद्रपूरची 2015 ची बंदी 2021 मध्ये उठवावी लागली. आणि दुकान चालू ठेवायचं तरी विचारण्यासारखं पुष्कळ असतं. ते किती वाजता बंद व्हावं, समोर दिवा असावा का, शाळेची वाट बदलावी की दुकानाची जागा? 29 डिसेंबर 2017 ला मुंबईत कमला मिलच्या पबमधल्या आगीत 14 जण गेले, तेव्हा कुठे गच्चीवरचं बांधकाम आणि बाहेर पडायच्या वाटा तपासण्याची धावपळ झाली. नायगावच्या गुत्त्याबद्दल तर उभी की आडवी यापलीकडे बायकांना काही विचारलंच जात नाही.

खाला निघताना त्यांची सून म्हणाली, तिचं नाव अजून माहेरच्या यादीत आहे. खालांनी तिथेच तिला बजावलं, आधी नाव इकडे आण, बाकीचं मग बघू.