उधळलेले मणी, वेचलेले मणी

लेंटच्या उपासपर्वापूर्वी चार दिवस मनमुराद आनंद लुटण्याची रीत गोमंतकातील कार्निव्हलमुळे आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात हाच उत्सव ‘मार्डी ग्रा’ या फ्रेंच नावाने साजरा होतो. तेथे चित्ररथांवरून गर्दीवर मण्यांच्या माळा, नाणी आणि खेळणी यांची उधळण होते, आणि खालची माणसे हात उंचावून “अहो मिस्टर, काहीतरी टाका की!” असा पुकारा करतात. वरच्या वर झेललेली माळ ही कमाई. जमिनीवर पडली की तोच कचरा.

हा भेद मात्र फार जुना नव्हे. ‘कोमस’ मंडळाने १८५७ मध्ये चित्ररथांची मिरवणूक सुरू केली. पुढे १८७१ मध्ये ‘ट्वेल्फ्थ नाइट रेव्हलर्स’च्या मिरवणुकीत सांताक्लॉजचे सोंग घेतलेल्या एकाने लोकांना भेटवस्तू वाटल्या, या प्रथेचा उगम तेथे मानतात. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात चेकोस्लोव्हाकियातून काचेच्या माळा येत. त्या नाजूक व महाग असल्याने हात राखून टाकल्या जात, आणि घरोघरी जपल्या जात. ‘रेक्स’ मंडळाने १९६० मध्ये अ‍ॅल्युमिनियमची हलकी नाणी आणली. त्याच सुमारास प्लास्टिक आले. हाँगकाँगमागून चीनमधील कारखान्यांतून माळांचा लोंढा सुरू झाला. एकेकाळी मूठभर टाकणारा हात आता पोत्याने ओतू लागला. डेव्हिड रेडमन यांच्या २००५ च्या माहितीपटात फूचौ येथील कारखान्यात या माळा घडवणाऱ्या, तेथेच वसतिगृहात राहणाऱ्या तरुण मुली दिसतात. त्यांच्या श्रमाचे आयुष्य रस्त्यावर काही क्षणांचे.

या स्वस्ताईची किंमत शहराला मोजावी लागली. न्यू ऑर्लिन्सचा बराच भाग समुद्रसपाटीखाली आहे. पावसाचे पाणी पंपांनी उपसावे लागते. ऑगस्ट २०१७ मध्ये रस्ते तुंबले, तेव्हा गटारांची सफाई हाती घेण्यात आली. सेंट चार्ल्स अ‍ॅव्हेन्यूवरील अवघ्या पाच चौकांच्या टप्प्यातून ९३,००० पौंड, म्हणजे सुमारे ४२ मेट्रिक टन माळा निघाल्याचे जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झाले. कतरिनाचा २००५ चा पूर अनुभवलेल्या शहराने आपल्याच हातांनी पाण्याची वाट अडवावी, यापेक्षा विपरीत ते काय?

उत्सवानंतर माळा गोळा करून पुन्हा वापरात आणण्याचे काम ‘आर्क ऑफ ग्रेटर न्यू ऑर्लिन्स’ ही संस्था अनेक वर्षे करीत आली आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींना तेथे रोजगार मिळतो. देणगीदाखल आलेल्या ढिगातून गुंता सोडवायचा, तुटलेल्या माळा बाजूला काढायच्या, उरलेल्यांची वर्गवारी करून पोती भरायची. पुढच्या वर्षीचे चित्ररथस्वार ती विकत घेतात. ज्या कामाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही त्यातून मिळकत उभी करणारी ही खटपट मला उत्सवाच्या साऱ्या झगमगाटापेक्षा अधिक मोलाची वाटते.

तरीही एक शंका उरतेच. पुन्हा विकलेली माळ पुन्हा उधळली जाते, आणि तिच्यातले काही मणी पुन्हा गटारात जातात. शिवाय २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत अशा माळांत शिसे व ब्रोमीन आढळले होते. म्हणजे पुनर्वापराबरोबर विषही फेरी मारते. हाताने वेचणाऱ्यांच्या बाबतीत ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. ‘फ्रेरे’ मंडळाने २०२५ च्या मिरवणुकीतून प्लास्टिकच्या माळा वगळल्या, त्यामागे हाच विचार दिसतो.

उत्तर शोधायला या शहराला दूर जायचे कारण नाही. कृष्णवर्णीयांच्या ‘झुलू’ मंडळाची पहिली मिरवणूक १९०९ ची. त्यांची खास भेट म्हणजे रंगवलेला नारळ. तो डोक्यात बसण्याच्या भीतीने १९८७ मध्ये विम्याचा पेच निर्माण झाला, आणि पुढच्या वर्षी लुइझियाना राज्याने चक्क नारळासाठी कायदा केला. आता तो फेकत नाहीत, हातात देतात. असा नारळ रस्त्यावर टाकून जाणारा माणूस विरळाच.