आमवात आणि योगासने : आधी मनगट, मग आसन

मराठी घरांत गुडघा कुरकुरला तरी संधिवात आणि बोटे सुजली तरी संधिवातच. या एका शब्दाखाली दोन निराळ्या व्याधी झाकल्या जातात. वय वाढते तशी सांध्यातील कूर्चा झिजते, तो झिजेचा संधिवात. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसची गोष्ट वेगळी आहे. आयुर्वेदातील संज्ञा उसनी घेऊन त्याला मराठीत पुष्कळदा आमवात म्हणतात. त्यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतील नाजूक अस्तरावर चाल करून जाते. अस्तर सुजते, आणि ही सूज आवरली नाही तर ती कूर्चा व हाड कुरतडते. झिजेच्या गुडघ्यासाठी शिकवलेली आसने आमवाताच्या रुग्णाने जशीच्या तशी करू नयेत, त्याचे कारण हेच आहे.

हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट अधिक आढळतो आणि केवळ म्हातारपणाचा नाही. तिशी-चाळिशीतही तो सुरू होतो. बहुधा दोन्ही हातांची बोटे, मनगटे आणि पावलांचे लहान सांधे एकदमच धरतात. सकाळी उठल्यावर तासभर किंवा त्याहून अधिक वेळ हात आखडलेले राहतात. चहाच्या बरणीचे झाकण उघडत नाही.

परदेशात राहणाऱ्या रुग्णाला अशा वेळी मायदेशाहून हमखास फोन येतो : त्या गोळ्या सोड, योग सुरू कर. सल्ल्यामागील माया खरी असते, पण सल्ला घातक आहे. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे रोगाची गती रोखतात. एकदा झिजलेले हाड मात्र कोणत्याही आसनाने भरून येत नाही. योगाची बाजू मांडताना ज्या अभ्यासांचा दाखला दिला जातो, तेही नीट वाचावेत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१९ साली ७२ रुग्णांवरील आठ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. योग करणाऱ्या गटात रोगाची तीव्रता आणि नैराश्य दोन्ही कमी झाले. परंतु त्या गटाची नेहमीची औषधे चालूच होती. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात आमवाताचे व गुडघ्याच्या झिजेचे मिळून ७५ जण होते. आठवड्याला दोन वर्ग आणि घरी एकदा सराव, एवढ्यावर त्यांची चालण्याची क्षमता व मनाची उभारी सुधारली. तेथेही सहभागींची आधी तपासणी झाली होती आणि आसने ज्याच्या त्याच्या सांध्यांप्रमाणे बदलून दिली होती. तेव्हा योग हा औषधांचा सोबती आहे, पर्याय नव्हे.

मनगटांचा प्रश्न

लंडन असो वा न्यू जर्सी, व्यायामशाळेतील योगवर्ग बहुधा तळहातांवर उभा असतो. अधोमुख श्वानासन, फलकासन, पुन्हा श्वानासन, असा क्रम वेगाने फिरतो. निरोगी मनगटालाही तो जड जातो. सुजलेल्या मनगटावर शरीराचा भार देणे तर सरळ नुकसानीला आमंत्रण. यावर उपाय साधे आहेत. भिंतीसमोर उभे राहून कोपरापासूनचा पुढचा हात भिंतीला टेकवावा आणि कंबर मागे न्यावी. पाठीला व खांद्यांना हवा तो ताण मिळतो आणि मनगट मोकळे राहते. सूर्यनमस्कार खुर्चीवर बसून करता येतात. त्यांत कमीपणा मानण्याचे कारण नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या आणि दोर यांचा वापर इतक्या बारकाईने विकसित केला, की आसन शरीराकडे आणता येते हे जगभर मान्य झाले. त्यांच्या पद्धतीने शिकवणारे वर्ग ब्रिटन-अमेरिकेत सहज सापडतात. आमच्या मते आमवाताच्या रुग्णाने वेगवान वर्गापेक्षा अशा ठिकाणी आधी चौकशी करावी.

बोटांचे सूक्ष्म व्यायाम करताना मूठ घट्ट आवळू नये आणि बोटे करंगळीच्या दिशेने ढकलू नयेत. रोग त्यांना आपणहून त्याच बाजूला वळवत असतो. अनुलोम-विलोमासाठी बोटे दुमडत नसतील तर तर्जनीनेच नाकपुडी हलकेच मिटावी.

मानेबाबत तडजोड नको

दीर्घकाळच्या आमवातात मानेच्या पहिल्या दोन मणक्यांना धरून ठेवणारे बंध सैल पडू शकतात. हे कधी कधी काहीही न दुखता घडते. अशा मानेवर शीर्षासन, सर्वांगासन किंवा हलासन केल्यास मज्जारज्जूवर दाब येण्याचा धोका असतो. म्हणून ही तीन आसने, तसेच मान झटक्याने मागे टाकणे व गोल फिरवणे वर्ज्यच समजावे. हातापायांत मुंग्या, नवा अशक्तपणा किंवा लघवीवरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही जाणवल्यास वर्ग सोडून त्वरित रुग्णालय गाठावे.

बराच काळ स्टिरॉइड घेतलेल्यांची हाडे ठिसूळ असू शकतात. त्यांनी पश्चिमोत्तानासनासारखे खोल वाकणे टाळावे. आमवात फुफ्फुसांनाही धरू शकतो. दम लागत असेल तर कपालभाती व भस्त्रिका करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. संथ श्वसन आणि भ्रामरी बहुतेकांना चालतात.

वेळेचेही तसेच. पहाटे उठून आसने करावीत हा संस्कार आपल्यात खोल रुजलेला आहे. पण या रुग्णांचे सांधे पहाटेच सर्वांत ताठर असतात. कोमट पाण्याने अंघोळ करून, उजाडल्यावर दोन-तीन तासांनी किंवा दुपारी सराव केला तर काही बिघडत नाही. सराव संपून दोन तास झाल्यावरही दुखणे आधीपेक्षा जास्त असेल, तर तो अधिक झाला असे समजून दुसऱ्या दिवशी कमी करावा. सांधे लाल, गरम आणि सुजलेले असतील त्या दिवशी ताण देणारे आसन नकोच. गुडघ्यांखाली उशी घेऊन शवासन, श्वासाकडे लक्ष आणि सांधा दुखणार नाही इतपत सावकाश हालचाल पुरे. पूर्ण अंथरूण धरणेही बरे नव्हे. न हललेला सांधा आणखी आखडतो.

वर्गाला नाव घालण्यापूर्वी रूमॅटॉलॉजी विभागातील परिचारिकेशी किंवा फिजिओथेरपिस्टशी बोलून घ्यावे. ब्रिटनमध्ये फिजिओथेरपिस्ट हे पदनाम कायद्याने संरक्षित आहे. योगशिक्षक हे नाही, कोणीही ते लावू शकतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी शिक्षकांना आजाराचे नाव, धरलेले सांधे आणि कृत्रिम सांधा बसवला असल्यास त्याची माहिती स्पष्ट सांगावी, आणि हाताने दाबून आसन दुरुस्त करू नये अशी विनंती करावी. ‘थोडे दुखले तरी चालेल’ असे उत्तर मिळाले, तर दुसरा वर्ग शोधावा.