पुस्तकातली आई, पडद्यावरची आई

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात शिवरायांचा अश्वारूढ पुतळा उभा आहे. 50 वर्षांच्या आयुष्यातून शिल्पकाराने एकच क्षण निवडला; उरलेले चरित्र पाहणाऱ्याच्या स्मरणावर सोपवले. कादंबरीवर चित्रपट काढणाऱ्यालाही अशीच निवड करावी लागते.

आपल्या घराघरांत परिचित असलेले याचे उदाहरण म्हणजे ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ही कथा लिहिली. मोठा झालेला श्याम आश्रमातील मित्रांना रोज रात्री आईच्या आठवणी सांगतो. अशा 42 रात्री. आचार्य अत्रे यांनी 1953 साली तिचा चित्रपट केला. आईच्या भूमिकेत वनमाला होत्या, तर बालश्याम माधव वझे. 1954 च्या पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले.

श्यामचे पाय मळू नयेत म्हणून आई धोंड्यावर आपले ओचे पसरते, हा प्रसंग जणू कॅमेऱ्यासाठीच लिहिलेला आहे. परंतु पुस्तकाचा प्राण प्रसंगांइतकाच सांगणाऱ्याच्या आवाजात आहे. आई गेल्यावर पोहोचलेल्या मुलाचा पश्चात्ताप त्या आवाजात पहिल्या रात्रीपासून भरून राहिला आहे. तो चित्रात पकडणे कठीण. सुजय डहाके यांनी 2023 च्या कृष्णधवल चित्रपटात तुरुंगातले गुरुजीच पडद्यावर आणले, ते यासाठीच असावे असे आम्हांस वाटते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: मुलांना चित्रपट अवश्य दाखवावा, मात्र नंतर रोज एक रात्र मोठ्याने वाचावी. आई पडद्यावर दिसते, तिचे ऋण वाचताना उमगते.