मूल वयानुसार बोलत-चालत नाही? डोंगरकड्यातल्या घराने पुढचे तीन महिने कसे आखायचे

"त्याचा बापही उशिराच बोलला होता." मूल दीड वर्षाचं होऊनही एक शब्द काढत नाही म्हटलं, की घरात हे वाक्य ठरलेलं असतं. काही मुलं खरंच उशिरा बोलतात. पण काही मुलं बोलत नाहीत, कारण त्यांना ऐकूच येत नाही. ते कळेपर्यंत तीन-चार वर्षं निघून जातात. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्राच्या अडिप योजनेतून मदत मिळते, पण त्यासाठी वयाची अट पाच वर्षांपर्यंतची आहे. म्हणजे "बघू अजून थोडे दिवस" म्हणण्यात योजनाही हातची जाते.

मुलाला नेमकं काय झालंय हे ठरायची वाट न पाहता मदत सुरू करणं, याला 'अर्ली इंटरव्हेन्शन' म्हणतात. सरकारी मराठीत त्याचं 'शीघ्र हस्तक्षेप' झालंय, आणि ऐकणाऱ्याला पोलीस कारवाई वाटते! प्रत्यक्षात यात तपासण्या, थेरपी आणि मुख्यतः घरी रोज करायच्या छोट्या गोष्टी असतात.

कधी थांबू नये?

चार महिन्यांचं बाळ मान धरत नाही, नऊ महिन्यांचं आधाराशिवाय बसत नाही, वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर वळून बघत नाही, दीड वर्षात चालत नाही किंवा एकही शब्द नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नाही, तर तपासणी करून घ्यावी. येत असलेली गोष्ट मूल विसरलं, उदाहरणार्थ आधी 'आई' म्हणायचं आणि आता म्हणत नाही, तर कोणत्याही वयात लगेच. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, तर दोन वर्षांपर्यंत त्याचं वय डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजतात.

गावातून सुरुवात कुठे?

डोंगरकडा हे कळमनुरी तालुक्यातलं, नांदेड जिल्ह्याच्या सीमेजवळचं गाव. थेरपिस्ट गावात नसला तरी पहिली पायरी गावातच आहे. जन्मानंतरच्या 42 दिवसांत आणि पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यात आशाताईंनी घरी येणं अपेक्षित असतं. अंगणवाडीताईंसाठीही नोव्हेंबर 2023 मध्ये दिव्यांग बालकांबाबत स्वतंत्र कार्यपद्धती आली आहे.

शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. 2013 मध्ये त्याची सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरमधून झाली. त्याचं फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. त्या दिवशी मूल नेमकं मामाच्या गावी असेल तर पुढची संधी कित्येक महिन्यांनी. त्यामुळे पथकाची तारीख अंगणवाडीताईंना आधीच विचारून ठेवावी. शंका पक्की असेल तर पथकाचीही वाट पाहू नये.

पथक मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. हे केंद्र साधारणपणे जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं असतं, म्हणजे डोंगरकड्यासाठी हिंगोली. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक एकाच ठिकाणी असावेत, अशी त्याची रचना आहे. नांदेडला विष्णुपुरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बोलण्याची तक्रार असेल तर आधी कानांची तपासणी करून घ्यावी.

आराखडा कागदावर

अनेक घरांची गाडी इथे अडते. हिंगोलीची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. "आठवड्यातून तीनदा या" हा सल्ला दोन-तीन आठवडे पाळला जातो आणि मग सगळंच थांबतं. म्हणून थेरपिस्टला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावं: "आम्ही महिन्यातून एकदाच येऊ शकतो, घरी काय करायचं ते शिकवा." हे सांगण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आठवड्यातला अर्धा तास थेरपिस्टचा असतो, बाकीचा वेळ घराचाच.

समजा मुलगी दोन वर्षांची आहे, उभी राहत नाही आणि बोलत नाही. "ती चालायला लागावी" ही इच्छा झाली. आराखड्यात लिहायचं ते असं: तीन महिन्यांत ती खाटेला धरून दोन मिनिटं उभी राहील, आणि पाणी हवं असेल तर रडण्याऐवजी पेल्याकडे बोट दाखवेल. एका वेळी दोन उद्दिष्टं पुरेत. ती घरातल्यांनी थेरपिस्टसोबत बसून ठरवावीत.

मग प्रत्येक उद्दिष्ट रोजच्या कामात बसवायचं. आंघोळीनंतर अंग पुसताना तिला उभं धरणं. जेवताना घास लगेच न भरवता, "भाकरी की भात?" विचारून ती बघेपर्यंत थांबणं. कोण करणार तेही लिहावं. हळद काढणीच्या दिवसांत आई दिवसभर रानात असेल, तर सराव आजीकडे. मग पहिल्या भेटीला आजीलाही सोबत न्यायला हवं, कारण दाखवलेलं बघणं वेगळं आणि ऐकीव सांगणं वेगळं. मोबाइलवर व्हिडिओ काढू का, हे थेरपिस्टला विचारावं.

तीन महिन्यांनी उजळणी. उद्दिष्ट गाठलं तर पुढचं, नाही तर तेच आणखी सोपं करून.

कागदपत्रं

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असेल, तर राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं. त्यात ठरावीक मर्यादेत थेरपीचा खर्चही येतो.

तपासण्यांचे कागद, माता-बाल संरक्षण कार्ड आणि आराखड्याची वही एकाच पिशवीत ठेवावी. पुढच्या वेळी पथक अंगणवाडीत आलं की ती वही त्यांच्यासमोर उघडता येते.