‘समतल, खडीबंद, गटारयुक्त’ : मुंबईतील नव्या वसाहतींच्या बांधकाम-प्रमाणांविषयी

नगरांचा इतिहास लिहिणारे आपले अभ्यासक किल्ले, देवालये, गिरण्या आणि चळवळी यांकडे आवडीने वळतात. परंतु नव्या जमिनीवर वस्ती बसविताना रस्त्याची पातळी कोणी ठरविली, गटार कोणी बांधले आणि त्याचा खर्च कोणाच्या माथी बसला, हे प्रश्न अभियंत्यांच्या दप्तरात पडून राहतात. प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र भाषाशास्त्र होय; तेव्हा या विषयात त्याने शिरणे कित्येकांस अनधिकार वाटेल. परंतु बांधकामाचा नियम हे आधी एक वाक्य असते आणि मग भिंत होते. त्या वाक्यातील क्रियापदांचा क्रम, त्यांची भर आणि गळती यांवरून जे हाती लागते ते नकाशावरून नेहमीच लागते असे नाही.

प्रारंभ एका वाक्यापासूनच करू. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ सालचा. त्याच्या कलम ३०५ मध्ये खाजगी रस्त्याविषयी असा अधिकार आहे की, तो रस्ता समतल केलेला, खडीचा किंवा फरसबंद, मैल्याच्या नळाने युक्त, पाण्याचा निचरा होणारा, पन्हळी असलेला आणि दिवाबत्तीचा नसेल, तर त्यास लागून असलेल्या मिळकतींच्या मालकांकडून ही कामे करवून घेता यावीत. हे वाक्य मुंबईत जन्मलेले नाही. इंग्लंडच्या १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य अधिनियमातील कलम १५० याचे ते वंशज आहे. दोहोंची तुलना केली असता एक मौजेची गोष्ट दिसते. इंग्रजी मूळ वाक्यात प्रथम येते ती मैलानळ घालण्याची क्रिया आणि समतल करणे तिच्या मागून येते. मुंबईच्या वाक्यात समतल करणे अग्रस्थानी गेले आहे. शिवाय दगडी लाद्या बसविण्याचे एक स्वतंत्र क्रियापद मुंबईपर्यंत येता येता गळून पडले. कायदे लिहिणाऱ्यांच्या मनात काय होते याचा तर्क एका शब्दक्रमावरून करणे धाडसाचे आहे, हे मान्य. तथापि मुंबईचा जो भाग भरतीच्या पाण्याहून खाली होता, बांध घालून आणि भरणी टाकून मिळविलेला होता, तेथे पातळी हा पहिला प्रश्न होता, यात शंका नाही. भरणी झाल्याखेरीज नळास उतार नाही आणि उतार नाही तर नळास अर्थ नाही.

याच वाक्यात आणखी एक व्यवस्था दडलेली आहे. रस्ता या सर्व अटींस उतरला म्हणजेच तो सार्वजनिक व्हावयाचा. तोवर त्याचा भार मालकावर. आजही नव्या अभिन्यासात विकासकाने रस्ते व गटारे बांधून द्यावीत आणि मग ती पालिकेने ताब्यात घ्यावीत, अशी जी रीत आहे तिचे बीज येथे आहे. प्रमाण म्हणजे केवळ माप नव्हे. जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात कोणत्या क्षणी जाते, हेही ते ठरविते.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले आणि त्यानंतर शहर कसे रिकामे झाले हे सर्वश्रुत आहे. त्यातून १८९८ चा मुंबई शहर सुधारणा अधिनियम आला व इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणे, त्यांतून रुंद रस्ते काढणे आणि उत्तरेकडील मोकळ्या जमिनीवर नव्या वसाहती आखणे ही त्याची कामे. सँडहर्स्ट रोड व प्रिन्सेस स्ट्रीट हे पहिल्या प्रकारातले. दादर-माटुंगा, शीव-माटुंगा आणि शिवडी-वडाळा या योजना दुसऱ्या प्रकारातल्या.

ट्रस्टच्या नियमांपैकी विशेष विचार करण्याजोगा नियम आहे तो साडेत्रेसष्ट अंशांचा. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१० नंतरच्या काळात त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. राहत्या खोलीच्या बाहेरील भिंतीच्या तळापासून क्षितिजसमांतर रेषेशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करणारी एक तिरपी रेषा काढावी. समोरच्या इमारतीचा कोणताही भाग त्या रेषेच्या वर जाऊ नये. या कोनाचे गणित सोपे आहे. त्यात उंची ही अंतराच्या दुप्पट येते. म्हणजे समोरची इमारत ५० फूट उंच असेल तर मध्ये २५ फूट मोकळी जागा हवी. हा कोन ऑर यांचा शोध नव्हे. लंडनच्या १८९४ च्या इमारत अधिनियमात घरांच्या मागील बाजूसाठी तो आलेला होता. आरोग्यवाद्यांचा आदर्श ४५ अंशांचा, म्हणजे जितकी उंची तितके अंतर. मुंबईच्या जमिनीच्या किमतीत तो परवडणारा नव्हता. साडेत्रेसष्ट अंश हा प्रकाश आणि पैसा यांच्यातील तह होता.

ज्याने मांडवी किंवा भुलेश्वर भागातील घरगल्ली पाहिली आहे, त्यास हा तहदेखील केवढी मोठी मजल होती हे सांगावे लागणार नाही. दोन उंच घरांच्या मधल्या त्या अरुंद फटीत शौचकूपांची घाण पडावयाची, तीतून सफाई कामगारांनी वाकून जावयाचे आणि तिच्यावरच आतल्या खोल्यांच्या खिडक्या उघडावयाच्या. ‘हवा-उजेड’ हा मराठी जोडशब्द घर पाहावयास जाणाऱ्याच्या तोंडी आज सहज येतो. त्यामागे या फटींचा इतिहास उभा आहे.

येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. अंधार व कोंदट हवा हीच प्लेगची जननी, या समजुतीवर ट्रस्टची उभारणी झाली. ज्या १८९८ साली तो स्थापन झाला त्याच साली पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरांवरील पिसवांमार्फत प्लेग पसरतो असे प्रतिपादन केले आणि पुढील दशकात ते मान्यही झाले. निदान बदलले, पण कोन टिकला. कारण तोवर तो रोगाच्या उपपत्तीपासून सुटून राहणीच्या कल्पनेत मुरला होता. भाषेतही असे घडते. शब्दाला जन्म देणारा अर्थ लोपतो आणि शब्द नव्या अर्थाने नांदत राहतो.

परंतु नियम लिहिणे वेगळे आणि तो पाळला जाणे वेगळे. जुन्या शहरात पालिकेचे उपविधी असूनही मालक, वकील आणि पूर्वापार हक्क यांच्या कात्रीत ते सापडत. दादर-माटुंग्यास ट्रस्ट स्वतःच जमिनीचा धनी होता. त्याने आधी भरणी केली, रस्ते व नळ घातले, मग भूखंड पाडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले आणि पट्ट्यातच बांधकामाच्या अटी घातल्या. प्रमाणाच्या पाठीशी कायद्यापेक्षा करार होता, हे त्या वसाहतींच्या नीटनेटकेपणाचे खरे कारण होय असे मला वाटते. त्यांच्या श्रेयाचा सगळा वाटा नकाशाकारांच्या पदरात घालणारे विवेचन या मुद्द्याकडे दुर्लक्ष करते.

त्याची किंमतही होती. मोकळी जागा, रुंद रस्ता आणि पक्के गटार यांचा खर्च भाड्यात उतरतोच. पहिल्या महायुद्धापर्यंत या भूखंडांना मागणी मंद होती, आणि ती वाढली तेव्हा तेथे आले ते पांढरपेशे. पाडलेल्या वस्त्यांतून उठलेले श्रमिक बहुधा जवळच्याच दुसऱ्या दाट वस्तीत शिरले. त्यांच्यापैकी काहींसाठी ट्रस्टने चाळी बांधल्या; त्या बी.आय.टी. चाळी म्हणून आजही ओळखल्या जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या अशाच चाळीत दोन खोल्यांत कित्येक वर्षे राहिले आणि पुढे १९३० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधून तेथे गेले. एकाच ट्रस्टच्या दोन प्रमाणांमधले हे अंतर. चाळीची खोली आणि योजनेतला भूखंड. असे अंतर ओलांडणारे किती थोडे निघाले, हे सांगण्यास आकड्यांची गरज नाही.

१९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमाने तिसरा मार्ग काढला. जमीन विकत न घेता शेताचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करून रस्ते वगळावेत, नियमित आकाराचे ‘अंतिम भूखंड’ मालकांस परत द्यावेत आणि वाढलेल्या मूल्यापैकी निम्म्यापर्यंत हिस्सा कामांच्या खर्चासाठी घ्यावा. कल्पना न्याय्य होती. तिची गती मात्र इतकी संथ की योजना मंजूर होईतो जागेवर घरे उभी राहत. ट्रस्ट १९३३ साली पालिकेत विलीन झाला आणि भूस्वामी व नियंता या दोन्ही भूमिका तिच्याकडे आल्या.

आता एका आकड्याकडे वळू. मुंबईची जुनी पर्जन्यजल-गटारे ताशी २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच पाऊस धरून आखलेली होती; तीही ओहोटी असताना. शिवाय पडलेल्या पाण्यापैकी निम्मे जमिनीत मुरेल आणि निम्मेच गटारात येईल असे गृहीत होते. एका एकरावर ताशी एक इंच पाऊस पडला तर दर सेकंदास जवळजवळ एक घनफूट पाणी होते. हा योगायोग जुन्या अभियंत्यांना फार सोयीचा पडे. निम्मे मुरल्यावर गटाराच्या वाट्यास एकरी अर्धा घनफूट. हा हिशेब करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वाड्या, भाजीचे मळे, खाजणे आणि मातीची अंगणे होती. पुढे अंगणे फरसबंद झाली, मळ्यांवर इमारती आल्या, खाजणे भरली गेली. गटाराचा व्यास मात्र तोच राहिला. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने हे प्रमाण ताशी ५० मिलिमीटर केले आणि काहीही मुरणार नाही असे धरले. म्हणजे एकरी दोन घनफूट, पूर्वीच्या चौपट. त्या अहवालाची अंमलबजावणी रेंगाळलेली असतानाच २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आदर्श म्हणून आखलेल्या माटुंग्याच्या उंबरठ्यावर, किंग्ज सर्कलपाशी, पावसाळ्यात पाणी तुंबते, हे तर प्रत्येक मुंबईकर जाणतो. तेथे चुकले ते माप नव्हे; ज्या भूमीसाठी ते काढले होते ती भूमी राहिली नाही.

अखेरीस मुंबईबाहेरचा एक शब्द. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, १,०८९ चौरस फूट. महसुलाच्या मोजणीतल्या या मापाला ‘वारी’ हा प्रत्यय लागून ‘गुंठेवारी’ हा शब्द झाला आणि शेतजमीन अभिन्यासाविना तुकड्यातुकड्यांनी विकून तिच्यावर घरे बांधण्याचे ते नाव ठरले. बोलीतला हा शब्द २००१ साली महाराष्ट्राच्या एका अधिनियमाच्या शीर्षकात जाऊन बसला. अशी बांधकामे नियमित करण्याची कालमर्यादा मूळ कायद्यात १ जानेवारी २००१ होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. १८८८ च्या वाक्याचा क्रम येथे संपूर्ण उलटतो. आधी घर, मग वीज, मग पाणी, मग रस्ता, मग गटार. आणि सर्वांच्या शेवटी कायदा.

बोलींच्या नोंदी घेण्याच्या निमित्ताने अशा एका वस्तीत प्रस्तुत लेखकाचे जाणे झाले. तेथील क्रियापदे टिपून ठेवण्याजोगी आहेत. घराविषयी माणसे ‘बांधलं’ म्हणतात, जमिनीविषयी ‘घेतली’. रस्त्याविषयी ‘झाला’ आणि गटाराविषयी ‘यायचंय’. कर्ता पहिल्या दोन क्रियांत आहे, पुढच्या दोहोंत तो नाहीसा होतो. रस्त्यावर काँक्रीटचा थर दोन वेळा चढला होता. एका वृद्ध बाईंनी आपला उंबरा दाखविला. घर बांधताना तो रस्त्यापासून दोन पायऱ्या वर होता, आता एक पायरी खाली आहे. पावसाळ्यापूर्वी त्या उंबऱ्यावर विटांचा एक थर रचतात आणि दिवाळीच्या सुमारास तो काढून ठेवतात. विटा दाराशेजारीच रचलेल्या होत्या.