नवयान बौद्ध धम्म आणि विज्ञान

नवयान म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी मांडलेला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह स्वीकारलेला बौद्ध धम्म होय. धर्म विज्ञानाशी विसंगत असता कामा नये, ही या मांडणीतील एक मूलभूत अट आहे. श्रद्धेला विज्ञानाचा आधार शोधण्याचे प्रयत्न अनेक धर्मांत झाले आहेत. आंबेडकरांनी मात्र या कसोटीला न उतरणारा भाग, तो परंपरेने बुद्धवचन मानला असला तरी, नाकारला.

पार्श्वभूमी

बौद्ध मत आधुनिक विज्ञानाशी जुळते, हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेन्री ऑल्कॉट, अनागारिक धर्मपाल आदींनी मांडला होता. मद्रासमधील विज्ञानाचे प्राध्यापक पी. लक्ष्मी नरसू यांनी १९०७ मध्ये बौद्ध मताचे बुद्धिवादी विवेचन करणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्याच्या १९४८ च्या आवृत्तीस आंबेडकरांची प्रस्तावना आहे. हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा त्यांनी येवला येथे १९३५ मध्येच केली होती. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकातील लेखात त्यांनी धर्माच्या कसोट्या सांगितल्या. धर्म बुद्धीला, म्हणजेच विज्ञानाला, पटणारा असावा. त्याने स्वातंत्र्य, समता व बंधुता मान्य करावी. दारिद्र्याला पावित्र्य देऊ नये, या त्यांपैकी प्रमुख होत.

कर्म व पुनर्जन्म

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा आंबेडकरांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. जे विवेकाला व तर्काला धरून आहे ते, अन्य बाबी समान असल्यास, बुद्धवचन समजावे, असा निकष त्यात आहे. वृद्ध, रोगी व मृत मनुष्य पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही प्रसिद्ध कथा त्यांनी स्वीकारली नाही. एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने तोवर हे काहीच पाहिले नसेल, हे त्यांना पटण्याजोगे वाटले नाही. त्याऐवजी त्यांनी शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद पुढे आणला.

खरी अडचण पुनर्जन्माची होती. आत्मा नाही, तर पुन्हा जन्मतो कोण? आंबेडकरांचे उत्तर असे : पृथ्वी, आप, तेज व वायू ही शरीरातील तत्त्वे मृत्यूनंतर विश्वातील त्याच तत्त्वांत मिसळतात आणि त्यांच्या नव्या संयोगातून नवे जीवन घडते. शरीरातील ऊर्जाही नष्ट न होता विश्वातील ऊर्जेत जमा होते. पुनर्जन्म होतो तो द्रव्याचा व ऊर्जेचा, त्याच व्यक्तीचा नव्हे.

याला लागून पूर्वकर्माचा प्रश्न येतो, आणि अस्पृश्यतेच्या संदर्भात तोच अधिक महत्त्वाचा होता. मूल आपली शारीरिक वैशिष्ट्ये आईवडिलांकडून घेते, मागील जन्मातील कर्मातून नव्हे, असा अनुवंशाचा युक्तिवाद आंबेडकर करतात. गरीब व हीन मानलेल्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने व समाजाने टाळावी, याखेरीज पूर्वकर्माच्या सिद्धान्ताचा दुसरा हेतू त्यांना दिसत नाही. येथे विज्ञान केवळ श्रद्धेची परीक्षा घेत नाही. जन्माधारित दर्जाचे धार्मिक समर्थनच ते काढून घेते.

नागपूर येथील दीक्षा

महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतल्यानंतर आंबेडकरांनी उपस्थितांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. ईश्वराच्या अवतारावर विश्वास न ठेवणे, श्राद्ध व पिंडदान न करणे यांचा त्यांत समावेश आहे. आपला नवा जन्म होत आहे, अशीही एक प्रतिज्ञा आहे. पुनर्जन्माच्या वरील चर्चेनंतर हा जन्म जिवंतपणीच आणि स्वतःच्या निर्णयाने होतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

टीका

पाली परंपरेतील कर्म-पुनर्जन्माचा सिद्धान्त अशा रीतीने बदलल्यास तो बुद्धाचा राहत नाही, असा आक्षेप परंपरानिष्ठ बौद्धांनी घेतला. विज्ञानाच्या बाजूनेही प्रश्न उरतो. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम नीतीविषयी काहीच सांगत नाही. विश्वात विखुरलेल्या ऊर्जेला ‘पुनर्जन्म’ म्हणणे हा जुन्या शब्दाला दिलेला नवा अर्थ ठरतो. समता विज्ञानातून सिद्ध होते, असा दावा मात्र आंबेडकरांनी केलेला नाही. वर उल्लेखिलेल्या लेखात ती स्वतंत्र कसोटी म्हणून येते. जगाची उत्पत्ती सांगणे हे धर्माचे, तर जगाची पुनर्रचना करणे हे धम्माचे प्रयोजन, असा भेदही त्यांनी केला आहे. त्यामुळे विश्वोत्पत्तीविषयी विज्ञानाशी स्पर्धा करण्याची गरज या धम्माला उरत नाही.

दीक्षाभूमीच्या परिसरात १९६४ मध्ये स्थापन झालेले डॉ. आंबेडकर महाविद्यालय असून तेथे कला व वाणिज्य शाखांबरोबर विज्ञानही शिकवले जाते. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर येणाऱ्या अनुयायांकडून मोठ्या प्रमाणावर पुस्तकांची खरेदी होते.